मुख्य मशीन

"हात खाली घ्या सगळ्यांनी," प्रणोती म्हणाली आणि वीसच्या वीस स्क्रीन एका दमात काळ्या झाल्या.

मुलं दचकली. मागच्या रांगेतून कुणीतरी "मॅडम, लाईट गेली की ओ," म्हणालं, पण डोक्यावरचे पंखे तर फिरत होते. मग काळ्या स्क्रीनवर एक पांढरा कागद उमटला, सगळीकडे तोच एक कागद, आणि त्यावर अक्षरं पडायला लागली. 'नमस्कार. हे मी माझ्या जागेवर बसून लिहितेय आणि तुम्ही तुमच्या जागेवर बसून वाचताय.'

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी दाराशी हजेरीचं रजिस्टर घेऊन उभी होते. विट्याच्या लोखंडे टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी सतरा वर्षं शिकवत होते, आणि त्या सतरा वर्षांत माझं शिकवणं बघून कुणी एक टाळी वाजवली नव्हती.

ही गोष्ट टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले त्या वर्षाची. लोखंडे सरांनी आमची जुनी यंत्रं टेम्पोत घालून भंगारवाल्याकडे धाडली आणि त्याच हॉलमध्ये वीस कॉम्प्युटर मांडले. सगळे एकमेकांना वायरने जोडलेले. समोर एका उंच टेबलावर एकविसावा, त्याला सर 'मुख्य मशीन' म्हणायचे. त्या मशीनवर एक बटण दाबलं की तिथं जे दिसतंय ते खोलीतल्या सगळ्या मशीनवर दिसायचं. फळा नको, खडू नको, मुलांच्या पाठीमागून फिरायलाही नको. आणि ते मशीन चालवायला सरांनी सांगलीहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन आलेली चोवीस वर्षांची प्रणोती शेटे नेमली.

मी सुनंदा ताटे. मला सगळे बाई म्हणायचे, ताटेबाई. ती आल्या दिवसापासून मॅडम झाली.

माझी शिकवायची पद्धत एकच होती. मुलाच्या हातांवर फडकं टाकायचं, कळा दिसू द्यायच्या नाहीत. नजर डावीकडच्या कागदावर, आणि बोटांनी आपली वाट आपण शोधायची. टाइप करताना वर बघितलं की मी मानेवर पट्टी टेकवायची. मारायची नाही, नुसती टेकवायची. अशी तयार झालेली माझी मुलं आज तहसीलमध्ये, कोर्टात, कुठंकुठं बसलीत. मी स्वतः मराठीत मिनिटाला पन्नास शब्दांच्या वर जायची आणि पानात चूक सापडली तर दिवसभर जेवण गोड लागायचं नाही मला. नवरा गलाईच्या धंद्यात तिकडं सेलमला. विट्यातल्या अर्ध्या बायकांचे नवरे असेच सोनं गाळायला मुलखाबाहेर. दिवाळीला आणि यात्रेला यायचे. मधले सगळे दिवस मला इन्स्टिट्यूट होतं.

आणि आता मुलं मला विचारायला लागली, "बाई, आज स्क्रीनवर न्हाई दाखवायचं व्हय?"

"बोटं स्क्रीनवर नसतात," मी म्हणायची. "बोटं हाताला असतात."

मुलं हसायची. माझ्या बोलण्याला नव्हे, मला.

खोटं कशाला बोलू, मला तिचं सगळं खुपायचं. तिची ती निळी पाण्याची बाटली खुपायची. मुलं तिच्या टेबलावर पेरू आणून ठेवायची, ते खुपायचं. ती कुणावर ओरडायची नाही, ते तर फारच खुपायचं, कारण न ओरडता हॉल शांत राहतो हे मला तोवर माहीत नव्हतं. बटण दाबायचं आणि सगळ्या माना आपापल्या स्क्रीनकडे. मी घरी जाऊन भाकरी थापायची तेव्हा पिठावर राग निघायचा. सासूबाई म्हणायच्या, "सुनंदा, भाकरी हाय ती, कपडं न्हाईत आपटायला."

पण खरं बोचलं ते रेश्मा सुतारचं. रेश्मा माझी. दहावीनंतर आलेली, बापाचं फर्निचरचं दुकान, बोटं लांब आणि मान सरळ. मी तिला सहा महिन्यांत चाळीसवर नेलं होतं. एक दिवस ती माझ्यासमोर येऊन ओढणीशी चाळा करत उभी राहिली.

"बाई, माझी बॅच बदलून पाहिजे होती."

"वेळ जमत नाही का?"

"वेळ जमतीय."

"मग?"

"मॅडमच्या बॅचला जायचंय. तितं स्क्रीनवर सगळं दिसतंय ओ बाई. मॅडमचा स्पीड बघितला की आपल्याला बी यील असं वाटतंय."

"माझा बघितला नाहीस का कधी?"

"तुमचा कसा बघणार? तुम्ही तर आमच्या हातावर फडकं टाकून मागं उभ्या राहताय."

मी रजिस्टरमध्ये तिचं नाव खोडलं. सही करताना पेन कागदातून आरपार गेलं.

त्याच आठवड्यात सरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. सरांचे गुडघे गेले होते. जिना चढून वर आले की दहा मिनिटं बोलता यायचं नाही. ते म्हणाले, "मी दिवाळीनंतर कोल्हापूरला लेकीकडं जाणार. हे बंद करायचं नाही मला. तुमच्यापैकी एकीच्या हातात सगळं देऊन जातो. प्रवेश, परीक्षा, चाव्या, सगळं."

'तुमच्यापैकी एकीच्या' म्हणजे काय? सतरा वर्षं मी रोज हॉल उघडलेला. सर आजारी पडले तेव्हा दोन महिने मी एकटीने परीक्षा काढलेल्या.

"येत्या रविवारी पालकांना बोलावलंय," सर पुढं म्हणाले. "लोकांना या कॉम्प्युटरचा भरवसा नाही अजून. दोघींनी करून दाखवा. लोकांचं मत बघतो आणि तिथंच सांगून टाकतो. तुम्ही बाई मनाला लावून घेऊ नका. मला तुम्ही दोघी सारख्याच."

सारख्याच! हा एक शब्द मी जिना उतरेपर्यंत दहा वेळा चावला.

दुसऱ्या दिवशी प्रणोतीचा मराठीचा तास चालू होता. मी शेजारच्या ऑफिसात फॉर्म लावत बसले होते. मधे नुसती काचेची भिंत, वरून उघडी. मला तिथून दोन-तीन स्क्रीन दिसत होत्या. त्यांच्यावर मराठी मजकूर झरझर उमटत होता, सरळ, न अडखळता, पंचेचाळीसच्या वेगाने. हेवा वाटावा असा सुंदर. मुलं तोंडाचा आ करून बघत होती.

मी फॉर्म लावता लावता थांबले. काहीतरी चुकत होतं.

आवाज नव्हता.

माझं सगळं आयुष्य कळांच्या आवाजात गेलेलं. पाठमोरी उभी राहून मी सांगू शकायचे की तिसऱ्या रांगेतल्या मुलाची डावी करंगळी कच्ची आहे. कॉम्प्युटरच्या कळा मऊ असतात, मान्य, पण मुक्या नसतात. पंचेचाळीसच्या वेगाने कुणी टाइप करत असेल तर खोलीत चुटपुट चुटपुट चाललेलं असायला पाहिजे. इथं नुसते पंखे वाजत होते.

मी हजेरीचं रजिस्टर उचललं आणि हॉलमध्ये गेले. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, सगळे आपापल्या स्क्रीनला चिकटलेले. मी मुख्य मशीनच्या बाजूला गेले आणि रजिस्टर तिच्या टेबलावर ठेवायच्या निमित्ताने वाकले.

प्रणोतीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.

स्क्रीनवर अक्षरं पळत होती आणि ती मांडीवर हात ठेवून बसली होती. कागदाखालच्या कोपऱ्यात एक छोटी, शोधल्याशिवाय न दिसणारी पट्टी पुढं सरकत होती, गाणं चालू असताना सरकते तशी. आधी घरी करून ठेवलेलं, वेग वाढवून लावलेलं. ती टाइप करत नव्हती. ती सिनेमा दाखवत होती.

तिनं मला बघितलं. चेहरा पांढराफटक पडला. मी गोड हसले, म्हणाले, "चालू दे," आणि बाहेर आले.

त्या दिवशी भाकऱ्या काय हलक्या झाल्या!

मला लगेच सगळं उमगलं. तिचं इंग्रजी चांगलं होतं, कॉम्प्युटर तर ती उघडून पुन्हा जोडायची. पण आमचा मराठीचा कळफलक टाइपरायटरचा. परीक्षेला तोच लागतो आणि तो चोरवाटेनं येत नाही. त्याला हात झिजवावा लागतो. तिचा झिजला नव्हता. आणि मुख्य मशीनचं हे असं की सगळे स्क्रीनकडे बघतात, हाताकडे कुणी बघत नाही.

सरांना तेव्हाच जाऊन सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. सरांनी तिला ऑफिसात बोलावून दोन शब्द सुनावले असते, तिनं डोळे पुसले असते आणि सरांना दया आली असती. मला ते चार भिंतींत नको होतं. मला ते वीस स्क्रीनवर पाहिजे होतं.

तीन दिवस मध्ये होते. तिनं दोनदा माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला. "बाई, जरा बोलायचं होतं," म्हणाली. मी एकदा फोन कानाला लावला, एकदा रिक्षा चुकेल म्हणून निघाले.

रविवारी सकाळी दहाला हॉल भरला. मुलं मशीनवर, पालक मागं खुर्च्यांवर, काही भिंतीला टेकून. सरांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. रेश्मा पहिल्याच रांगेत, तिचे वडील, फर्निचरवाले सुतार, तिच्या मागे उभे. मी पर्समध्ये त्या दिवशीचं वर्तमानपत्र घडी करून आणलं होतं.

आधी प्रणोती. तिनं बटण दाबलं, स्क्रीन काळ्या झाल्या, कागद उमटला. पालकांमध्ये कुजबुज. तिनं एक हात कळांवर ठेवला, नुसता ठेवला, आणि दुसऱ्या हाताने उंदीर, म्हणजे माउस, धरून तो सिनेमा लावणार तेवढ्यात मी उठले.

"प्रणोती, एक मिनिट. पाठ केलेलं नको. लोकांना खात्री पटायला पाहिजे." मी वर्तमानपत्र उघडलं, अग्रलेखाची बाजू वर करून तिच्या डावीकडे ठेवलं. "आजचा पेपर आहे. हा टाइप करून दाखव, नुसता पहिला परिच्छेद."

सर खूश झाले. "हां, हे बेस! ताज्या पेपरातलं!"

प्रणोतीनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती. मला ती स्पष्ट दिसली, आणि मी पदर सारखा करून खुर्चीवर बसले.

तिनं सुरू केलं. एक अक्षर. मग मान खाली, बोट कळांवर फिरतंय, आणखी एक अक्षर. चुकलं. खोडलं. पुन्हा शोध. आणि हे सगळं वीस स्क्रीनवर, एकसारखं, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वीस ठिकाणी अक्षर पडायचं, वीस ठिकाणी पुसलं जायचं. मागून एक बाई म्हणाली, "आमचा पोरगा ह्याच्यापेक्षा बरा करतोय की." कुणीतरी हसलं. पाच मिनिटांत अडीच ओळी झाल्या. मुलं स्क्रीनवरून नजर काढून पहिल्यांदाच मॅडमच्या हातांकडे बघत होती.

प्रणोती थांबली. "सर, मला हे येत नाही," ती म्हणाली. मान वर करूनच. "मी आतापर्यंत दाखवत होते ते रेकॉर्ड केलेलं होतं."

रेश्माचं तोंड पडलं. सरांनी डोक्याला हात लावला. मी उठले, आणि आवाजात होता नव्हता तेवढा मध घालून म्हणाले, "सर, होतं असं. लहान आहे ती. मी दाखवू का?"

मी मुख्य मशीनसमोर बसले. पहिल्यांदाच. ती उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. समोरच्या कागदावर तिच्या अडीच ओळी होत्या, चुका असलेल्या. त्यांच्याखाली मला टाइप करायचं नव्हतं. तिच्या उष्ट्या ताटावर मी का बसावं? मी नवी कोरी फाइल उघडली, पेपर डावीकडे नीट लावला आणि हात ठेवले.

मग मी टाइप केलं.

आयुष्यात इतकं चांगलं मी कधी केलं नसेल. नजर अग्रलेखावर, पाठ सरळ, बोटं आपोआप. मागं लोक आहेत, समोर वीस मशीन आहेत, आणि मी जे करतेय ते सगळ्यांना एकाच वेळी दिसतंय. मला त्या बटणाची गंमत तेव्हा कळली. रेश्माला दिसतंय. सरांना दिसतंय. भिंतीशी उभी आहे तिला दिसतंय.

अर्ध्यावर आले असेन, मागून खुसखुस ऐकू आली. मग आणखी. मला वाटलं, हसताहेत तिला. बरोबर आहे, हसू देत. मी वेग वाढवला.

"बाई," रेश्मा हळूच म्हणाली. "बाई, थांबा ओ."

हिला आता मॅडमची दया आली वाटतं, मी मनात म्हटलं. "मधे बोलायचं नाही," मी मान न उचलता तिला दटावलं. सतरा वर्षं दुसऱ्यांना सांगत आले, टाइप करताना वर बघायचं नाही. मी कशी बघेन?

परिच्छेद संपला. मी पूर्णविराम दिला, हात उचलले, आणि चेहऱ्यावर हसू ठेवून वर बघितलं.

वीस स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं होती. शब्द नव्हते, नुसती अक्षरं. मध्येच कंस, मध्येच टक्क्याची खूण, मध्येच आकडा, मध्येच मोठं अक्षर. पानभर. लहान पोराने कळांवर हात आपटावा तसं, पण छान ओळी पाडून.

"ओ बाई," रेश्माचे वडील म्हणाले, "ह्ये कंच्या भाषेत केलासा?"

आता हॉल मोकळेपणी हसला. मुलं हसली, पालक हसले. मी एक कळ दाबली, दुसरी दाबली, आणखी दोन इंग्रजी अक्षरं वाढली, वीसच्या वीस ठिकाणी. लपवायला कागद नाही, फाडायला काही नाही. ते बटण कुठलं, बंद कसं करायचं, मला माहीत नव्हतं. विचारलं नव्हतं कधी. सर पुटपुटले, "बाई, तुम्ही सुद्धा?"

मला एकच सुचलं. हिनंच काहीतरी करून ठेवलंय. मी मान वळवून दात आवळून म्हटलं, "काय केलंस तू?"

प्रणोती भिंतीपासून निघाली, माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली आणि स्क्रीनवर नजर लावली. बोट ठेवून ती एकेक ओळ बघायला लागली. वरून खाली. सावकाश. कधी पेपरात बघायची, कधी स्क्रीनवर. मला वाटलं, ही मजा चाखतेय. माझी नामुष्की घोट घोट पितेय. तिच्या जागी मी असते तर मी तेच केलं असतं, म्हणून मला तेच वाटलं.

शेवटच्या ओळीपर्यंत आल्यावर ती क्षणभर थांबली. मग वाकून तिनं उंदीर हातात घेतला, सगळं पान निळं केलं, वरच्या यादीतून एक नाव निवडलं.

आणि वीसच्या वीस स्क्रीनवर ती सगळी अक्षरं एका क्षणात मराठी झाली. आख्खा परिच्छेद. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळं आपापल्या जागी. एक चूक नाही.

हॉलमधून "आँ!" असा आवाज आला. मग टाळ्या. काय टाळ्या होत्या त्या! रेश्माचे वडील दोन्ही हात वर करून वाजवत होते. सरांना वाटलं हे आमचं आधीच ठरलेलं होतं. ते पुढं आले, म्हणाले, "बघा! बघितलंसा? न बघता टाइप केलंय बाईंनी! स्क्रीनवर इंग्रजी दिसतंय, तरी बोट चुकलं नाही! याला म्हणतात हात!" आणि तिथंच सगळ्यांसमोर त्यांनी चाव्यांचा जुडगा माझ्या हातात दिला.

मी घेतला. वाकून नमस्कार केला. सरांना, पालकांना. हे ठरलेलं नव्हतं हे मी बोलले नाही. पान तिनं सरळ केलं, हेही बोलले नाही. ज्यांनी तिचं बघितलं होतं ते आता माझ्याकडे बघत होते, आणि मला ते फार आवडलं.

भानगड साधी होती, नंतर कळली. तेव्हाचे मराठी फॉन्ट असे की कळ तीच, बोट तेच. फॉन्ट इंग्रजी असला तर इंग्रजी उमटायचं, मराठी केला की मराठी. नवी फाइल नेहमी इंग्रजीत उघडायची. माझ्या रोजच्या मशीनवर जोडणी करणाऱ्याने ती मराठीत उघडेल असं लावून ठेवलेलं. टाइपरायटरला असलं काही नव्हतं. मराठी यंत्र म्हणजे मराठी यंत्र. प्रणोतीच्या ओळींखाली लिहिलं असतं, तर तिथं फॉन्ट मराठीच होता.

बारापर्यंत सगळे पांगले. चहाचे कप राहिले होते. प्रणोती एकेक मशीन बंद करत येत होती. मी चाव्या पर्समध्ये टाकल्या, पुन्हा काढल्या. मला राहवेना.

"तू का केलंस ते?" मी विचारलं.

"काय?"

"फॉन्ट बदललास ते. गप्प उभी राहिली असतीस तर चाव्या कुणालाच मिळाल्या नसत्या. तुला मिळाल्या असत्या कदाचित. मी तुझं काय केलं ते कळलं होतं ना तुला?"

"कळलं होतं." तिनं सातव्या नंबरचं मशीन बंद केलं. "बाई, मी चूक शोधत होते."

"कसली?"

"तुमची. मला ती इंग्रजी अक्षरं वाचता येतात. इतके महिने घरी एकेक कळ बघून रेकॉर्ड करायचे, त्यात डोळ्यांना कळफलक पाठ झाला. हातांना नाही झाला." ती थोडी हसली. "मी ठरवलं होतं, एक जरी चूक सापडली तर हात लावायचा नाही. तसंच राहू द्यायचं. मी प्रत्येक ओळ बघितली. नव्हती."

इतकी मोठी दाद मला आजवर कुणी दिली नव्हती, आणि ती माझ्या वाईटावर टपलेल्या पोरीनं दिली होती. चुका शोधण्यात आम्ही दोघी एकाच माळेचे मणी निघालो. त्या क्षणी मला ती आवडायला हवी होती. तिच्या पाठीवरून हात फिरवायला हवा होता. पण मनात आलं ते एवढंच, की हिला माझं पान वाचता येतं, मुख्य मशीन चालवता येतं, मुलं हिच्यावर जीव टाकतात. एकदा हात झिजला की हिला अडवणारं काही राहणार नाही.

तिनं शेवटचं मशीन बंद केलं. पर्स खांद्याला लावली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली, शिकायला आलेली मुलं पहिल्या दिवशी उभी राहतात तशी.

"बाई, मला शिकवाल? अगदी पहिल्या धड्यापासून. मी मुलांच्यात बसेन. फी पण भरेन."

"आता कुठं," मी म्हणाले. "सगळ्या बॅच भरल्यात."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि जिना उतरून गेली. महिना संपल्यावर तिनं काम सोडलं. तासगावला कुठल्याशा बँकेत लागली असं रेश्माकडून कळलं.

सकाळी सातच्या बॅचला त्या महिन्यात तीनच मुलं होती. सतरा मशीन रिकामी असायची. आणि हे तिलाही ठाऊक होतं, कारण बॅचचं वेळापत्रक तिनंच काढलं होतं.